बाज, फळी आणि पट्ट्यांचा पलंग : पाठदुखीच्या एका सल्ल्याचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, पाठ लई दुखायली. खाली झोपू का फळीवर?"

बिलोलीत प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी हजारो वेळा ऐकला असेन. कुंडलवाडीचा शेतकरी विचारतो, नरसीचा ट्रकचालक विचारतो, शाळेतल्या बाई विचारतात. गंमत म्हणजे प्रश्नातच उत्तर ठरलेलं असतं. पाठ दुखली की पलंग सोडायचा आणि कडक जागी झोपायचं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. शंका उरते ती फरशी की फळी एवढीच.

हा सल्ला लोकांनी मनानं काढलेला नाही. तो आम्हा डॉक्टरांनीच दिला. मीसुद्धा अनेक वर्षं दिला. आज तो मी देत नाही. का देत नाही, तो आला कुठून, आणि तुमच्या घरातल्या पलंगाच्या पट्ट्या तुटल्या असतील तर काय करायचं, हे सांगण्यासाठी आजचा लेख. त्यासाठी आधी थोडं मागं जाऊ.

खाट, बाज, मंचम

आमच्या ओपीडीत मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा एका बाकावर बसतात. तेलंगणाची हद्द जवळच. त्यामुळे झोपायच्या वस्तूला इथं बरीच नावं आहेत. मराठी माणूस बाज किंवा खाट म्हणतो, उर्दू बोलणारा पलंग म्हणतो, तेलुगू बोलणारा मंचम म्हणतो. सुंभानं विणलेली असेल तर नुलक मंचम.

'खाट' हा शब्द संस्कृत 'खट्वा'वरून आला. 'पलंग' आला 'पर्यंक'वरून. आणि 'मंचम'चा सख्खा भाऊ म्हणजे आपला 'मंचक'. तुळजापूरच्या भवानीची मंचकी निद्रा तुम्हाला माहीत असेलच. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी कोजागरीपर्यंत पलंगावर विश्रांती घेते. पंढरपुरात याच्या उलट रीत आहे. आषाढीच्या गर्दीत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, कारण देव चोवीस तास दर्शनासाठी उभा असतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते आणि पलंग परत येतो. अंगाला शीण येतो आणि शीण झोपेनंच जातो, हे आपल्या लोकांनी देवालाही लागू केलं आहे.

इंग्रजांनी 'खाट' शब्द उचलून 'कॉट' केला. पुढे लोखंडी पलंग आपल्याकडे आले, तेव्हा आपण त्यांना 'लोखंडी कॉट' म्हणू लागलो. आपलाच शब्द परदेशी जाऊन परत आला. दवाखान्यानं मात्र जुना शब्द सोडला नाही. ग्रामीण रुग्णालय आजही '३० खाटांचं' असतं. आणि माणूस फार आजारी पडला तर आपण म्हणतो, त्यानं खाट धरली.

इब्न बतूतानं पाहिलेली खाट

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला. दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना तो आपल्या मराठवाड्यातल्या दौलताबादलाही येऊन गेला. इथल्या खाटा पाहून त्याला नवल वाटलं. त्यानं लिहून ठेवलंय की इथली खाट इतकी हलकी असते की एकटा माणूस ती उचलून नेतो. चार निमुळते पाय, चार आडवी लाकडं, आणि मध्ये रेशमाची किंवा सुताची वीण. त्यावर निजलं की मऊपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही, कारण ती वीणच लवचीक असते.

हे शेवटचं वाक्य पाठीच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. आज गादीच्या दुकानात 'बॉडी सपोर्ट' म्हणून जे विकतात, ते नेमकं हेच.

आपल्या गावात बाज कशी तयार व्हायची ते आठवा. लाकूड बाभळीचं किंवा कडुनिंबाचं. ऐपत असेल तर सागाचं, म्हणजे किनवट-माहूरच्या बाजूचं. चौकट सुतार करायचा. दोर मातंग समाजातले कारागीर वळायचे. अंबाडी पाण्यात कुजवून तिचा वाख काढायचा, तो सुकवून पिळायचा आणि त्याचा सुंभ करायचा. पुढे सुताची रुंद नवार आली आणि सुंभाच्या बाजेला 'जुनी' म्हणू लागले.

बाजेचं सगळं मर्म पायथ्याकडच्या ताणाच्या दोरीत असतं. वीण सैल पडली की ही दोरी ओढून घ्यायची, की बाज पुन्हा ताठ होते. आमच्या घरी हे काम दर आठ-पंधरा दिवसांनी आजोबा करत. एक पाय चौकटीला लावून दोरी ओढायचे आणि आम्हा पोरांना वर उड्या मारून बघायला सांगायचे.

ताणलेली बाज पाठीला वाईट नसते. सैल बाज वाईट असते. कारण शरीराचा सगळ्यात जड भाग म्हणजे कंबर. वीण सैल असली की कंबर खाली जाते, डोकं आणि पाय वर राहतात, आणि माणूस झोळीत झोपल्यासारखा होतो. कूस बदलायलाही जोर लावावा लागतो. म्हणजे दोष बाजेचा नव्हता, ताण काढायचं राहून गेलं त्याचा होता. पुढे दोर वळणारे कमी झाले, घरातली वडीलधारी माणसं गेली, पोरं शहरात गेली. ताण काढणारं कुणी उरलं नाही, आणि नाव मात्र बाजेचं खराब झालं.

जमिनीपासून हातभर वर

बाजेचा दुसरा गुण तिच्या पायांत आहे. आपल्या भागात मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो अंथरुणात चावतो. चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास बंद पडू लागतो. अशा रुग्णाला उचलून आणणारे नातेवाईक सांगतात, "रात्री चांगला जेवून झोपला होता." जवळपास प्रत्येक वेळी तो खाली झोपलेला असतो.

विंचवाचंही तेच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर जगाला दाखवून दिला. मण्यारीच्या दंशावरही त्यांनी लिहिलं आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध मिळालं ही मोठी गोष्ट आहेच, पण दंश होऊच नये याची पहिली पायरी म्हणजे जमिनीपासून वर झोपणं आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणं. नेपाळच्या तराई भागातल्या २००७ च्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असं दिसून आलं आहे.

मात्र उंची किती असावी, यालाही मर्यादा हवी. अष्टशील पाळणाऱ्या आपल्या बौद्ध बांधवांना उंच आणि मोठ्या शय्येचा त्याग करण्याचं शील माहीत आहे. विनयपिटकात भिक्खूंच्या मंचाच्या पायांची उंचीही ठरवून दिली आहे, आठ सुगत-अंगुळं. त्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. माडीवर एक भिक्खू सुट्या पायांच्या मंचावर धाडकन बसला. मंचाचा पाय निसटला आणि खाली बसलेल्या भिक्खूच्या डोक्यावर पडला. त्यावरून माडीवर असा मंच वापरू नये असा नियम झाला. घरातल्या फर्निचरमुळे होणारी दुखापत आणि तिच्यावर केलेला नियम, दोन्ही किती जुने आहेत पाहा.

बाळंतिणीची बाज

बाज म्हटलं की मराठी बाईला आठवते ती बाळंतिणीची बाज. खाली शेगडी, तिच्यात ओवा नि बाळंतशेपा, वर बाळंतीण नि बाळ. वीण उघडी असल्यामुळे ऊब वर पोचते. ही ऊब बायकांना बरी वाटते, हे मी नाकारत नाही. पण दार-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला त्याचा धोका असतो. वर भाजण्याची भीती वेगळीच. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून वापरा.

उघड्या विणीचा खरा फायदा आहे हवेचा. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. अंगणात, रस्त्याच्या कडेला बाजांच्या रांगा लागल्या होत्या. एका माणसानं उचलावी, कुठंही टाकावी, खालून वरून वारा लागावा, अशी ही वस्तू. इब्न बतूतानं लिहिलेलं साडेसहाशे वर्षांनीही खरं होतं.

मग फळी आली कुठून?

फळीचं मूळ फार जुनं आहे आणि ते चुकीचंही नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारात 'कपाटशयन' सांगितलं आहे. कपाट म्हणजे फळी. मांडीचं किंवा पायाचं हाड मोडलं असेल तर रुग्णाला फळीवर निजवायचं, पायाच्या दोन्ही बाजूंना आणि तळव्याशी खुंट्या ठोकायच्या आणि अवयव हलणार नाही असा बांधायचा. कंबरेचं हाड किंवा पाठीचा कणा मोडला तरी हाच उपाय. आजच्या ट्रॅक्शन नि स्प्लिंटचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, हे तत्त्व आजही खरं आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ह्यू ओवेन थॉमस हे हाडांचे डॉक्टर होऊन गेले. त्यांच्या नावाचा थॉमस स्प्लिंट अजून दवाखान्यात वापरतात. सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हा त्यांचा मंत्र होता. क्षयानं सडलेल्या सांध्यांना त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोघांनी मणक्यातली गादी सरकून नस दाबली जाते हे दाखवून दिलं. 'स्लिप डिस्क' हा शब्द घरोघरी पोचला. मणक्यात काहीतरी सरकलंय म्हटलं की ते जागेवर बसेपर्यंत हलायचं नाही, असं सगळ्यांनाच वाटू लागलं. गादीखाली फळी घाला आणि तीन आठवडे झोपून राहा, हा सल्ला पक्का झाला.

चूक इथंच झाली. मोडलेल्या हाडाचा उपाय साध्या पाठदुखीला लावला गेला. शंभर पाठदुखीवाल्यांत मोडलेलं हाड, क्षय किंवा गाठ असणारे थोडे. बाकीच्यांचे स्नायू, बंध आणि सांधे दुखत असतात. त्यांना हालचाल हवी असते, आणि आम्ही त्यांना फळीवर बांधून ठेवत होतो.

पुरावा काय सांगतो

विश्रांतीवर पहिला नेमका बोट ठेवला तो रिचर्ड अॅशर या इंग्लिश डॉक्टरनं. १९४७ मध्ये त्यानं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके मांडले. रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, बद्धकोष्ठ, शय्याव्रण, हाडं ठिसूळ होणं आणि मन खचणं, असे एकेक. पण डॉक्टरांच्या सवयी बदलायला आणखी चाळीसेक वर्षं गेली.

१९८६ मध्ये अमेरिकेत पाठदुखीच्या २०३ रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात दिवस. सात दिवसवाल्यांना काहीही जास्त फायदा झाला नाही, उलट त्यांची कामावरची गैरहजेरी वाढली. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट.

उरला प्रश्न कडक अंथरुणाचा. २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास छापून आला. जुनी पाठदुखी असलेल्या ३१३ जणांना गाद्या दिल्या, निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक. कुणाला कुठली दिली ते त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता.

कारण समजायला सोपं आहे. माणसाचं शरीर फळीसारखं सपाट नाही. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा बाहेर येतात, कंबर आत जाते. फळीवर खांदा आणि खुबा दाबले जातात, कंबर अधांतरी राहते. झोळीत उलट होतं. दोन्हींच्या मधलं हवं. जिथं जडपणा आहे तिथं थोडं दबणारं, पण न खचणारं. म्हणजेच ताणलेली बाज.

पट्ट्यांचा पलंग

युरोपातही पूर्वी दोरीचे आणि चामड्याच्या पट्ट्यांचे पलंग असत. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात १९२२ मध्ये बिजागऱ्यांचा घडीचा पलंगही सापडला. एकोणिसाव्या शतकात दवाखान्यांत लोखंडी खाटा आल्या, त्यामागचं एक कारण ढेकूण होतं. लाकडाच्या खाचांत ते लपत. परिचारिकांची गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनं आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात अंथरुणावर एक प्रकरण लिहिलं. लोखंडी पलंग हवा, खालून गादीपर्यंत हवा पोचली पाहिजे, झालर नको, गादी पातळ हवी, असं तिचं सांगणं. माणूस रात्रभर घाम आणि श्वासातून ओलावा सोडतो. तो गादीत मुरतो. खालून हवा नसेल तर गादी ओलसर राहते आणि बुरशी धरते.

१९५० च्या दशकात जर्मनीत लवचीक लाकडी पट्ट्यांचे पलंग बाजारात आले. पातळ थर चिकटवून किंचित कमानदार केलेल्या या पट्ट्या वजनानं दबतात आणि परत वर येतात. लाकडाची वीणच म्हणा ना. आपल्या सुतारांकडे मिळणारे पट्ट्यांचे पलंग सरळ पट्ट्यांचे असतात. ते तितके लवचीक नसतात, पण हवा खेळती ठेवतात आणि वर चार ते सहा इंचांची बरी गादी असेल तर पाठीला पुरेसे असतात.

आपल्याकडे मात्र मधल्या काळात बॉक्सचा पलंग आला. खाली पेटी, वर प्लायची फळी. गोधड्या ठेवायला जागा झाली, पण हवा बंद झाली. काही वर्षांत प्लाय मधोमध खचतो. वर नवी गादी टाकली तरी खड्डा तसाच राहतो, आणि माणूस म्हणतो, "दहा हजाराची गादी घेतली साहेब, तरी पाठ दुखतेच."

घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

नवी गादी घेण्याआधी जुनी उचलून खाली बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

१. पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा. सुतळी आणि पट्ट्या यांच्यात मधोमध बोटभर फट दिसली तर आधार खचला आहे. आडवी आणि उभी दोन्हीकडे ताणून पाहा.

२. एकेक पट्टी हातानं दाबा. लाकडातल्या गाठीजवळ आणि स्क्रूजवळ तडे जातात. तडा गेलेली पट्टी खिळे मारून जोडू नका, बदला. तिच्याच जाडीची घ्या, नाहीतर तिथं उंचवटा येईल.

३. दोन पट्ट्यांतलं अंतर दोन ते तीन इंच असावं. जास्त असलं की फोमची गादी फटीत उतरते. अजिबात नसलं की हवा जात नाही.

४. नवीन बसवायच्या असतील तर हिशोब असा. सव्वासहा फूट, म्हणजे ७५ इंच लांबीच्या पलंगाला तीन इंच रुंदीच्या १४ पट्ट्या आणि मधे अडीच इंचांच्या १३ फटी. बेरीज साडेचौऱ्याहत्तर इंच. पाऊण इंच जाडी ठीक. लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड पुढे वाकतं.

५. पट्ट्या टेकायला चौकटीच्या आतून दोन्ही बाजूंना मजबूत रीप लावा. आधी ड्रिलनं बारीक भोक पाडा, मग स्क्रू पिळा. थेट स्क्रू मारला की लाकूड फाटतं.

६. पलंग पाच फूट रुंद असेल तर मधोमध लांबीच्या दिशेनं एक तुळई हवीच, आणि तिला जमिनीपर्यंत पोचणारे एक-दोन पाय. हा मधला पाय नसणं हे पट्ट्या तुटण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

७. घरात जुनी नवार पडली असेल तर टाकू नका. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांवरून तिचा पट्टा लांबीनं ठोकून घ्या. फटी सरकत नाहीत, आणि सगळं सतरंजीसारखं गुंडाळून उन्हात टाकता येतं.

८. कडा पॉलिश पेपरनं घासा, आणि घासताना नाक-तोंड रुमालानं झाका. दम्याच्या रुग्णानं हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

९. ढेकूण असतील तर ऊन, उकळतं पाणी आणि फटी बुजवणं हे उपाय करा. शेतातलं फवारणीचं औषध पलंगावर मारू नका. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. पलंगावर मारलेल्या औषधानं विषबाधा होऊ शकते, आणि लहान मुलांना तर फार लवकर.

१०. उंची बघा. पलंगाच्या कडेला बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या बरोबरीला आले पाहिजेत. गादी धरून साधारण १८ ते २० इंच. घरात गुडघेदुखीची वयस्क माणसं असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि घरी सैल बाज असेल तर तिचा ताण काढा. फुकटात काम होईल.

पलंगाला दोष देऊ नका, डॉक्टरांकडे या

पाठदुखीबरोबर पुढचं काही असेल तर पलंग दुरुस्त करत बसू नका. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, वजन घटणं, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली पाठदुखी. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे, आणि वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो. पहिल्या तीन गोष्टींना तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझी एक चिठ्ठी

शेवटी, हा लेख मी का लिहिला ते सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी जवळच्या गावातल्या एक आजी पाठदुखीसाठी आल्या. तपासलं, औषध लिहिलं, आणि खाली सवयीनं एक ओळ लिहिली : बाजेवर झोपू नये, फळीवर किंवा खाली झोपावे. फळी घरात नव्हती. मुलानं बाज मोडून लाकूड वापरात घेतलं आणि आजी खाली झोपू लागल्या.

चार महिन्यांनी त्यांना जीपमध्ये घालून आणलं. रात्री लघवीला उठताना जमिनीवरून उठता येईना, धरायला काही नव्हतं, अंधारात तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी विचारलं, "आजी, खाली का झोपलात?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच म्हनलाव की साहेब. चिठ्ठीवर लिवलाव." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नांदेडला ऑपरेशन झालं. पुढे त्या वॉकर धरून अंगणापर्यंत चालायच्या, पण शेताकडे पुन्हा गेल्या नाहीत.

त्यांची बाज सैल होती. दोरी ओढून घ्या, एवढंच मला सांगायचं होतं.

त्यानंतर मी ती ओळ लिहिणं सोडलं. आता पाठदुखीच्या रुग्णाला आधी विचारतो : कशावर झोपता, ते खचलंय का, आणि रात्री उठताना हाताला काय धरता? तुमच्या घरी आई-वडील असतील तर आज संध्याकाळी त्यांच्या पलंगाची गादी उचलून खाली एकदा बघून घ्या. आणि रात्री उठल्यावर लगेच हाताला लागेल असं दिव्याचं बटण आहे का, तेही पाहा.

(हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाबद्दलचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)